पिस्तुलावरचा चरा

घरात सून आली की काही गोष्टी गिळाव्याच लागतात, हे ऑर्फा स्टिडमला कुणी शिकवायला नको होतं. रेनाटानं स्वयंपाकघरातले पडदे बदलले, ते तिनं गिळलं. ऑर्फाच्या आईपासून चालत आलेला बिडाचा तवा रेनाटानं साबणानं खसाखसा घासून त्याच्यावरची साठ वर्षांची काळी तुकतुकीत साय उतरवली, तेही गिळलं. म्हणजे चार दिवस अबोला धरला आणि मग गिळलं. टोलेडोकडची, पोलिश आईबापांची पोर, मक्याच्या पावात साखर घालणारी, तिला कोण काय सांगणार. पण तळघरातल्या कामाच्या टेबलाला हात लावायचा नाही हा या घरातला एकच कायदा होता. अकरा वर्षांत तो मोडला नव्हता. आणि आज, बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास, ऑर्फा दिव्याखाली पिस्तूल धरून उभी होती आणि कायदा तिच्या डोळ्यांसमोर मोडून पडला होता. पिस्तुलाच्या डाव्या अंगाला, खटक्याच्या खाली, नखाच्या कोरीएवढा चरा.

पिस्तूल बर्लचं, तिच्या नवऱ्याचं. जुन्या लष्करी घडणीचं, जड, निळसर काळ्या पोलादाचं. असलं पिस्तूल सुटं करून पुन्हा जोडताना शेवटी एक खटका आडवा घालायचा असतो. आत स्प्रिंगवर बसलेली एक बारीक घुंडी त्याला अडवते. ती घुंडी टोकानं दाबून धरायची आणि मग खटका सरळ आत न्यायचा. धीर नसलेला माणूस घुंडी दाबत नाही, खटकाच खालून वर रेटतो, आणि रेटताना त्याचं टोक पोलादावर अर्धगोल ओरखडा काढत जातं. या कामातले लोक त्याला मूर्खाचा चरा म्हणतात. दुसऱ्याच्या पिस्तुलावर तो दिसला तर कुणी काही बोलत नाही, पिस्तूल परत देताना फक्त किंचित हसतात, आणि तेवढं पुरतं. बर्ल खटक्याखाली पत्त्याचा तुकडा धरायचा, जुन्या जोडातली चौकटची दुर्री; तो तुकडा अजून वरच्या खणात होता. पंचावन्न वर्षांत हे पिस्तूल हजार वेळा उघडलं गेलं असेल. त्याच्या अंगावर एक रेघ नव्हती.

डेन्व्हरचं हे काम नव्हे. तिचा मुलगा आळशी असेल, घुम्या असेल, पण दहा वर्षांचा असताना बापानं डोळे बांधून त्याच्याकडून हे पिस्तूल जोडून घेतलं होतं, आणि हात विसरत नाहीत. शिवाय पुरावा होता. खटक्याच्या खाचेत जांभळट रंगाचा एक कण अडकला होता. ऑर्फानं तो सुईनं उकरून पांढऱ्या चिंधीवर घेतला. नखाचा रंग. दातांच्या डॉक्टरकडे फोन घेणाऱ्या बाईला नखं रंगवावीच लागतात म्हणे.

तिनं खुर्ची ओढली आणि बसली, कारण तेरा पायऱ्या उतरून आल्यावर गुडघे हल्ली बोलायला लागत. तळघराची खिडकी वर, जमिनीला लागून. तिच्यातून डेन्व्हरच्या ट्रकचं पुढचं चाक दिसत होतं आणि उघड्या दारातून बाहेर सोडलेला त्याचा एक बूट. तो असाच बसायचा हल्ली, इंजिन बंद, रेडिओ चालू, कुठं जायचं नाही. पाठीमुळं आत नीट बसता येत नाही, ट्रकची सीट बरी पडते, असं म्हणायचा. ऑर्फानं त्या बुटाकडं पाहिलं आणि नजर परत आणली. आधी सुनेचा हिशेब.

या टेबलावर काय काय होतं हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. जाडीनुसार लावलेले पंच, बारीक खिळ्या ठोकून काढायच्या सळ्या, पोलादी आणि पितळी. पितळी हातोडी, जिच्या तोंडाला डेन्व्हरनं लहानपणी चावून दात उमटवले होते. कानशी, तेलाच्या बाटल्या, चार दगड: खरबरीत, मऊ, त्याहून मऊ, आणि आर्कान्सासचा तो पांढरा, काचेसारखा, ज्यानं पोलाद घासलं जात नाही, नुसतं समजूत घातल्यासारखं होतं. कोपऱ्यात कॉफीच्या डब्यात दातांच्या डॉक्टरची टोकदार हत्यारं. ती रेनाटानं आणली होती, लग्न झालं त्या पहिल्या नाताळाला. दवाखान्यातली झिजून टाकून दिलेली, उकळून, फडक्यात गुंडाळून. मिसेस स्टिडम, तुमच्या कामाला येतील असं वाटलं, म्हणाली. ऑर्फा म्हणाली होती, माझे दात माझेच आहेत. आणि डबा कोपऱ्यात सरकवला. पण बारीक फटीतली काजळी काढायला त्या टोकांसारखं दुसरं काही नाही हे तिला आठवड्याभरात कळलं, आणि अकरा वर्षं ऑर्फा ती वापरत होती, घरात कुणी नसताना.

लोक म्हणायचे, बर्लचा चाप. डेटनच्या पूर्व भागातल्या नेमबाजांत, पार सिनसिनाटीपर्यंत, ज्याला पिस्तुलाचा चाप हवा तसा करून हवा तो रविवारी चर्च सुटल्यावर कागदी पिशवीत पिस्तूल घेऊन या घरी यायचा. बर्ल फ्रीजच्या कारखान्यात अवजारखात्यात होता, हाताला अचूकपणा होता, केंटकीच्या डोंगरातून ती दोघं वर आली ती या हातांच्या भरवशावर. सुरुवातीला ऑर्फा नुसता दिवा धरायची. पाचवी बुकात शाळा सुटलेली बाई, तिनं दुसरं काय धरायचं. पण दिवा धरणाऱ्याला सगळं दिसतं. घोडा ज्या दोन दातांवर अडकून उभा राहतो ते दात तिनं बर्लच्या आधी पाहिले. कुठं काळा डाग राहिला, कुठं धार एका अंगाला कलली, ती नुसतं बोट दाखवायची. एका हिवाळ्यात बर्लचा अंगठा कारखान्यात चिरडला आणि दोन पिस्तुलं कबूल केलेली होती. ती तिनं केली. घेऊन जाणाऱ्या माणसानं मोकळा चाप दाबून पाहिला, दाबला, पुन्हा दाबला, आणि म्हणाला, बर्ल, काचेची काडी मोडावी तसा सुटतो रे हा. बर्लनं बायकोकडं पाहिलं. बायकोनं कॉफी ओतली. त्या दिवसापासून दगड तिचे झाले आणि नाव त्याचं राहिलं, आणि तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, किंवा वाटलं तर ते तिनं दगडावर घासून टाकलं. आपण काय आहोत हे ज्याला ठाऊक आहे त्याला पाटी लागत नाही.

म्हणून तर मार्चमध्ये डेन्व्हरचा कारखाना बंद झाला आणि तो जेवण झालं की खाली येऊन बसायला लागला, तेव्हा तिला आत कुठंतरी उजाडल्यासारखं झालं होतं. बावन्नाव्या वर्षी का होईना, पोरगा टेबलाशी आला. तो बापाचं पिस्तूल काढायचा, पुसायचा, उघडायचा, जोडायचा, पुन्हा पुसायचा. बोलायचा नाही, पण बर्ल तरी कुठं बोलायचा. वर रेनाटा भांडी आपटायची. तिला हे सहन होत नाही, ऑर्फाला वाटायचं; नवरा आईच्या बाजूला सरकला की या बायकांच्या पोटात दुखतं. एकदा रेनाटा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहून म्हणाली होती, मिस ऑर्फा, तो रोज तिथं काय करतो? आणि ऑर्फानं उत्तर दिलं होतं की घराण्याचं काम करतो, तुला नाही कळायचं. मग तीन आठवड्यांपूर्वी डेन्व्हर आपण होऊन म्हणाला, "मॉमी, याचा चाप जरा हलका करून दे ना. बोटं दुखतात माझी."

तिनं नऊ दिवस घेतले. बोटं तर तिची दुखत होती; सकाळी गरम पाण्यात बुडवल्याशिवाय मूठ वळत नव्हती. पण मुलानं मागितलं होतं. रोज अर्धा तास, भिंगाखाली, पांढऱ्या दगडावर दोन ओढ, पुसायचं, बघायचं, पुन्हा दोन ओढ. फार केलं तर घोडा टिकत नाही, पिस्तूल धोक्याचं होतं. कमी केलं तर नाव जातं. नवव्या दिवशी तिनं त्याच्या हातात रिकामं पिस्तूल दिलं आणि त्यानं चाप दाबला. काचेची काडी मोडली. त्यानं आईच्या खांद्यावर हात ठेवला, वर्षानुवर्षांत पहिल्यांदा, आणि म्हणाला, थँक्यू, मॉमी. ती त्या रात्री उपाशीच झोपली, आनंदानं भूक गेली म्हणून.

आता त्याच कामावर कुणीतरी जांभळ्या नखानं ओरखडा काढला होता. काय केलं असेल त्या बयेनं आत? ऑर्फानं आधी नेहमीसारखी मॅगझिन काढली, वरचा भाग मागं ओढून नळीत बोट घातलं, रिकामी. मग ती उघडायला लागली. हाताला सांगावं लागलं नाही. नळीच्या तोंडाशी असलेली स्प्रिंगची टोपी दाबून धरली. ती निसटली तर छताला जाऊन लागते, जुन्या घरातल्या स्वयंपाकघराच्या छताला अजून तिची खूण असेल. कडं फिरवलं, टोपी हळूच सोडली, खटका काढला, वरचा भाग पुढं सरकवून चिंधीवर ठेवला. ठेवतानाच हाताला काहीतरी कळलं. वजन नव्हे, एवढासा फरक वजन म्हणून कळत नाही, आवाज. आत काही किणकिणलं नाही. तिनं पंच घेतला, मागची पट्टी खाली सरकवली आणि जिथून फायरिंग पिन, गोळीच्या बुडावर आपटून ती उडवणारी बारीक सळई, स्प्रिंगसकट उडी मारून बाहेर यायला हवी तिथं अंगठा धरून थांबली.

काही आलं नाही. भोक रिकामं होतं. दिव्याकडं धरलं तर आरपार उजेड दिसला.

हरवली, हा पहिला विचार. खेळायला गेली, पिन उडाली, सापडली नाही, गुपचूप जोडून ठेवलं. बरोबर अडाणी बाईचं काम. ती बोलायची वाक्यंसुद्धा जुळवायला लागली होती, एकाहून एक झणझणीत. पण हात चिंधीवर तसाच राहिला. मागची पट्टी नीट बसवलेली होती. पिन उडवून घाबरलेली बाई पट्टी नीट बसवत नाही. पट्टीला तेलसुद्धा लावलं होतं. ज्या बाईनं हे केलं तिला शेवटचा खटका तेवढा जमला नव्हता; बाकी सगळं तिनं सावकाश, एकेक करून, शिकून केलं होतं. आणि आपण हे भोक असं रिकामं, असं आरपार, याआधी एकदा पाहिलं आहे, हे ऑर्फाला आठवलं, किंवा ते आठवलंच होतं आणि ती इतका वेळ त्याच्याकडं पाठ करून बसली होती.

एकोणऐंशीचा हिवाळा. फ्रीजचा कारखाना बंद झाला आणि बर्ल टेबलाशी बसायला लागला. तेव्हा टेबल स्वयंपाकघरात होतं. तो पिस्तूल पुसायचा. बोलायचा नाही. डेन्व्हर बारा वर्षांचा, त्याला वाटायचं बाप कामात आहे. ऑर्फाला काय वाटलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही, पाद्र्यालासुद्धा नाही. एका सकाळी बर्ल लाकडं आणायला गेला असताना तिनं पिस्तूल उघडलं, फायरिंग पिन काढली, पत्त्याचा तुकडा धरून खटका बसवला, एक रेघ पडू दिली नाही, आणि पिन अॅप्रनच्या खिशात टाकली. पाच महिने ती पिन तिच्या मांडीला लागत होती, पीठ मळताना, प्रार्थनेला गुडघे टेकताना, नवऱ्याशेजारी निजताना उशीखाली. त्याला विचारावं असं तिच्या मनात यायचं. पण नवऱ्याला असलं काही विचारायचं म्हणजे ते तोंडानं म्हणायला हवं, आणि त्यांच्या डोंगरात असल्या गोष्टी तोंडानं म्हणत नसत. म्हटलं की खरं होतं. मे महिन्यात बर्लला शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायचं काम मिळालं, तो शिट्टी वाजवत घरी आला, आणि तिनं दुसऱ्या दिवशी पिन परत ठेवायला पिस्तूल उघडलं. आत काडी होती. देवदाराची, चाकूनं तासलेली, पिनेएवढीच लांब, पिनेएवढीच जाड, टोकसुद्धा तसंच. त्याला माहीत होतं. केव्हापासून ते देव जाणे. त्याच्या खणात तेव्हा सुट्या पिनांची डबी होती, पिस्तुलं करणाऱ्या माणसाच्या घरात पिनांना काय तोटा. हात लांब केला की मिळाली असती. त्यानं काडी तासली होती. ती काडी ऑर्फानं बायबलमध्ये ठेवली, आणि चोवीस वर्षं, तो मरेपर्यंत, दोघांपैकी कुणी त्याविषयी अक्षर काढलं नाही.

डबी. तिनं खण इतक्या जोरात ओढला की तो निघून मांडीवर आला. तंबाखूची पत्र्याची चपटी डबी, आत तेलकट कागदात सात पिना, नेहमी सात. तिनं झाकण उघडलं. तेलकट कागद होता. पिना नव्हत्या.

 सात पिना कुणी नेल्या? जिनं एक काढली तिनंच नेल्या असतील, तर ठीक. आणि नसतील तर? डेन्व्हर पुन्हा एकदा पिस्तूल उघडून बसला असेल, त्याला रिकामं भोक दिसलं असेल, आणि त्यानं हात लांब केला असेल तर? या पिस्तुलात त्यानं बसवली नव्हती, हे समोर दिसत होतं. पण बसवायला दोन मिनिटं लागतात, आणि तो बापासारखा काड्या तासणारा आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही. आईला माहीत नाही. टेबलाशी बसला म्हणून हरखलेल्या आईला काय माहीत असणार. त्यानं ईस्टरच्या सुमारास आपल्या मासे धरायच्या काठ्या शेजारच्या माणसाला देऊन टाकल्या होत्या, चांगल्या तीन काठ्या. आणि ती म्हणाली होती, बरं केलंस, कोपरा मोकळा झाला. घराचे कागद एका फायलीत लावून वर नाव घातलं होतं. आणि ती म्हणाली होती, शेवटी वळण लागलं बाई. आणि चाप. नऊ दिवस. दोन ओढ, पुसायचं, बघायचं. तिनं आपल्या बोटांकडं पाहिलं, सांध्यांशी सुजलेली, पांढऱ्या दगडाची भुकटी अजून नखांत असल्यासारखी. खिडकीत बूट दिसत होता. रेडिओवर कुणी हवामान सांगत होतं. बूट हलेपर्यंत तिनं श्वास धरून ठेवला, आणि तो हलला, टाच जमिनीवर घासली, आणि तरी तिला नीट श्वास घेता आला नाही.

बुधवारी दातांचा दवाखाना दुपारी बंद होतो. रेनाटाची गाडी लागली, तिचे पाय ट्रकपाशी थांबले, नवऱ्याशी दोन शब्द बोलले, मग घरात आले. ऑर्फानं हाक मारली. रेनाटा खाली आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि चिंधीवर उघडं पडलेलं पिस्तूल पाहून शेवटच्या पायरीवर थांबली. तिच्या उजव्या अंगठ्याचं नख तुटलेलं होतं.

"सात होत्या," ऑर्फा म्हणाली. "डबीतल्या."

रेनाटा पुढं आली. पर्समधून तिनं दात साफ करायच्या दोऱ्याची पांढरी डबी काढली आणि टेबलावर उलटी केली. ऑर्फानं एका बोटानं पिना वेगळ्या केल्या, एकेक, घाई न करता. सात. आणि आठवी, जरा झिजलेली, बर्लची.

"त्या व्हिडिओतला माणूस म्हणाला, दुसरी पिन दोन मिनिटांत बसते," रेनाटा म्हणाली. "म्हणून मी सगळ्याच उचलल्या. सोमवारी, तो पाठीच्या डॉक्टरकडे गेला होता तेव्हा. दहा वेळा बघितला मी तो व्हिडिओ, दवाखान्याच्या संडासात बसून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला?" रेनाटा हसली, पण ते हसणं नव्हतं. "मिस ऑर्फा, तुम्ही किती खूश होता. गाणं म्हणत होता स्वयंपाकघरात. तुम्ही त्याला चाप हलका करून दिलात. मी सांगितलं असतं तर तुम्ही मला म्हणाला असता, घराण्याचं काम आहे, तुला नाही कळायचं."

 ऑर्फानं पिना परत पांढऱ्या डबीत भरल्या, पिस्तुलाचा वरचा भाग नळीसकट चिंधीत गुंडाळला आणि दोन्ही रेनाटाच्या पर्समध्ये घातलं. टोलेडोला तुझ्या भावाकडं जाऊ दे हे, म्हणाली, आजच, खालचा भाग माझ्या पलंगाखाली राहील, आणि दोन्ही एका छपराखाली यायचे नाहीत. त्याला विचारणार कोण, रेनाटानं विचारलं. मी, ऑर्फा म्हणाली. घेवडा शिजलाय, पाव भट्टीत आहे. तो टेबलाशी बसेल, आणि मी त्याला तोंडावर विचारीन, जीव द्यायचं मनात आहे का, याच शब्दांत. त्याच्या बापाला मी विचारलं नव्हतं. तो वाचला ते माझ्या शहाणपणानं नव्हे. मग डॉक्टर, मग पाद्री, जो लागेल तो, पण आधी शब्द. बोलताना तिचा आवाज नेहमीसारखाच करडा होता, पण तिनं खुर्चीची पाठ धरली होती ती सोडली नाही, आणि रेनाटानं पुढं होऊन तिचा दंड धरला तेव्हा तिचा हात झिडकारलाही नाही.

जिन्याशी आल्यावर रेनाटा थांबली. टेबलावर उरलेल्या अर्ध्या पिस्तुलाकडं, दिव्याखाली चमकणाऱ्या त्या अर्धगोल रेघेकडं तिनं पाहिलं. शेवटचा तो खटका काही केल्या जाईना, ती म्हणाली, मी घाबरले होते, जोरात रेटला. तुमच्या नवऱ्याची वस्तू. घासून निघेल का?

"निघेल," ऑर्फा म्हणाली. "माझ्या हातानं एका दुपारी निघेल. हात तुझा निव्वळ दगडाचा आहे, रेनाटा, आणि माझ्या तव्याला पुन्हा साबण लावलास तर तुझी धडगत नाही. पण या घरात डोळे उघडे ठेवून तू एकटीच वावरत होतीस. तो चरा राहू दे."